टाचेमागची कवडी

दोरवाल्याच्या बायकोनं लग्न होऊन आल्यापासून जेवढी वाट तुडवली, त्यातली निम्मी उलटी तुडवली होती. शेजारणी चेष्टा करायच्या, "ही माहेरी निघाली तरी तोंड सासरकडंच असायचं." ती हसून म्हणायची, "बरंच आहे की. पाठीमागचं काही दिसत नाही, तेवढीच झोप चांगली लागते."

काम होतंच तसं. अंगणाच्या वरच्या टोकाला झाडाच्या सावलीत लाकडी चाक रोवलेलं होतं, चाकाला लोखंडी आकडा. नवरा बुटक्या स्टुलावर बसून चाक फिरवायचा. तिच्या कमरेभोवती घायपाताच्या पानांतून सोडवलेल्या तंतूंचा, वाखाचा भारा गुंडाळलेला असायचा. त्यातली एक बट ती आकड्यात अडकवायची आणि पाऊल मागं टाकायची. चाक पीळ द्यायचं, तिची बोटं बेताबेतानं वाख सोडत जायची आणि दोघांच्या मधे सुतळी वाढत जायची. हात थांबला की सुतळी बारीक होऊन तुटायची. पाय अडखळला की पीळ उलटायचा. म्हणून तिची नजर सगळी बोटांवर. एका खेपेला शंभर पावलं, आणि शंभर पावलं संपली की कुंड.

कुंड म्हणजे घायपाताची पानं कुजत घालायचा खड्डा. पुरुषभर खोल, आतून दगडानं बांधलेला. बरा पाऊस झालेल्या वर्षी तो काठोकाठ भरलेला असायचा, काळ्या, वास मारणाऱ्या पाण्यानं.

त्या काठावर कवडी बसायची.

कवडी म्हणजे घरची कुत्री. डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका, म्हणून कवडी. तिला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी पिल्लू असताना ती बाईच्या टाचा हुंगत मागं मागं चालायची. कुंड आलं की पाण्याला भिऊन बसकण मारायची ती हलायचीच नाही. बाईची टाच तिच्या अंगाला लागायची आणि बाई थांबायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच झालं. टाचेला ऊबदार केस लागले की आलं टोक. बाई सुतळी खुंटीला मारायची, कवडीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि दोघी सरळ तोंडानं चाकाकडं परत यायच्या. वाख सोडताना बाई स्वतःशी गुणगुणायची. शब्द तिचेच होते, जुळतील तसे जुळलेले:

माघारी चालते मी, दोर पुढं पुढं सरे,
मागं काय आहे बाई, टाच माझी विचारे.

यंदा पावसानं पाठ फिरवली. कुंडातलं पाणी आटत आटत तळाला गेलं, मग तळाचा चिखल भेगाळला, मग नुसते दगड उरले. पानं कुजवायला घरामागं पिंप मांडलं होतं. त्यात मावतील तेवढीच पानं, निघेल तेवढाच वाख. आणि नेमकं याच वर्षी नावाड्याचं काम आलं. नदी रोडावली होती. नाव या काठाहून त्या काठाला दोराला धरून ओढत न्यायची, तो दोर जुना होऊन उसवला होता. नावाडी म्हणाला, "पाणी आहे तेवढ्यात जुन्यावर भागवतो. वर पाऊस लागला आणि नदी फुगली की हा दोर तुटणार, आणि नावेत माणसं असणार. त्याआधी नवा द्या." दोरवाला म्हणाला, "देतो." दिवसाला तीन खेपांचा वाख निघत असताना त्यानं साठ खेपांचा दोर कबूल केला.

कवडीला वर्षभर ऐकू येत नव्हतं. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखी झाली होती. पोटाला लिंबाएवढी गाठ आली होती. तरी सकाळी चाक करकरलं, ते तिला पायाखालच्या जमिनीतून कळत असावं, की ती उठायची, अंग झटकायची आणि बाईच्या टाचेमागं येऊन उभी राहायची.

त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं. तिसरी खेप. साठ-सत्तर पावलांवर वाख वाळत घातलेल्या काठ्यांची सावली पडली होती, तिथं कवडी दमून खाली बसली आणि मान टाकून झोपून गेली. बाईला काय कळणार? ती थोडी वाकडी सरकून पुढं गेली होती. बोटं वाख सोडत होती, पाय मागं पडत होते आणि टाच वाट बघत होती. नवरा आकड्यात अडकलेला तंतू नखानं काढत होता. त्यानं मान वर केली तेव्हा बायको दिसत नव्हती. सुतळीचं टोक तेवढं कुंडाच्या काठावरून आत गेलं होतं.

पाणी असतं तर भिजली असती आणि आठवडाभर हसली असती. दगडांवर पडली. उजवं मनगट पिरगळलं, पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत सोलली. शिडी आणायला नवरा शेजाऱ्यांकडं पळाला. शेजारी पाचजण आले, सगळ्यांनी आधी वाकून आत बघितलं. ती झंपर फाटलेली, केसांत वाळका चिखल, दगडावर बसून होती आणि काठावर पाच तोंडं. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, शेवटी सरळ बघायची पाळी आली की नाही." कुणीतरी हसलं. तिलाही हसावं लागलं.

मग सहावं तोंड आलं. कवडीचं. ती आत बघून कुंईकुंई करायला लागली आणि पुढचे पाय काठावरून खाली टाकायला लागली. दोरवाल्यानं चाकाचा दांडा उगारला. मारला नाही. पण बाईनं खालून तो हात बघितला.

पुढच्या आठवड्यात जनावरांचा डॉक्टर शेजारच्या म्हशीला बघायला आला होता, त्याला सासूनं आत बोलावलं. त्यानं कवडीचं पोट चाचपलं. "गाठ वाढतेय. वय झालंय, कापाकापी सोसणार नाही. खाती आहे तोवर खाऊ द्या. फारच कण्हायला लागली तर दवाखान्यात आणा, सुई देऊ. झोपेत जाईल."

झोपेत जाईल. हे दोन शब्द घरात राहायला आले. पहिल्या दिवशी नवरा नुसता कवडीच्या ताटलीकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काल ताटलीतलं अर्धं टाकलं तिनं." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पहाटे कण्हत होती. तू ऐकलंस का?" तिनं ऐकलं नव्हतं. पण ऐकलं नव्हतं म्हणजे झोपले होते, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी चहा पिताना तो कपात बघत म्हणाला, "तिला त्रासात ठेवून आपल्याला काय मिळतंय?"

"माझ्या पडण्याचा राग काढताय तिच्यावर."

"राग असता तर त्याच दिवशी काढला असता. डॉक्टर काय म्हणाला ते तूही ऐकलंस."

सासू लसूण सोलत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "मरण चांगलं यावं, बाई. माणसाला येत नाही, निदान जनावराला तरी."

बाईनं रात्र काढली आणि सकाळी म्हणाली, "मी पण येते."

"एका हातानं कशी येणार? सायकलवर पुढं टोपलीत ती, मागं तू? पडाल दोघी." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि तुला बघवणार नाही."

हे खरं होतं. तिला बघवलं नसतं. म्हणून तिनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं कवडीला आंघोळ घातली. अंगणात ऊन असताना, कोमट पाण्यानं, घरात पाणी मोजून वापरायचं असताना दोन बादल्या. आठ वर्षांची लेक, जिला सगळे चिमी म्हणत, मग्यानं पाणी ओतत होती. बाईनं कानामागची गोचीड काढली, शेपटीतले काटे काढले, पंजाची नखं बघितली. अंग चोळता चोळता ती कवडीशी बोलत होती, बहिरी आहे हे माहीत असून बोलत होती. "तू नसतीस तर किती वेळा मान मोडली असती माझी. बारा वर्षं म्हणजे किती खेपा झाल्या गं आपल्या? कुणी मोजल्यात?" कवडी उन्हात डोळे मिटून उभी होती. ओली झाल्यावर ती एवढीशी दिसायला लागली, हाडांवर कातडं. मग दुधात अंडं फोडून दिलं. सगळं चाटून तिनं ताटलीही पालथी केली. खाती आहे तोवर खाऊ द्या, डॉक्टर म्हणाला होता. बाईच्या मनात आलं, ही तर खातेय. पण सायकल दारात उभी होती.

घरात पट्टा नव्हता, कधी लागलाच नव्हता. तिनं आदल्या दिवशी दुखऱ्या हातानं मऊ, धुतलेल्या वाखाची एक दोरी वळली होती, गळ्याला टोचू नये म्हणून. ती बांधली. चिमीनं कवडीच्या डोक्याचा मुका घेतला आणि घरात पळून गेली.

"एक करा," बाई नवऱ्याला म्हणाली. "सुई देताना हात ठेवा तिच्या अंगावर. एकटी आहे असं वाटायला नको."

"ठेवतो."

तो दुपार कलल्यावर आला. टोपली रिकामी. हातपाय धुऊन बसला. तिनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"झालं?"

"झालं."

"हात ठेवला होता?"

"ठेवला होता."

"कुठं?"

त्यानं पाण्याचा घोट घेतला. "डोक्यावर."

"डोळे मिटले तिनं?"

"मिटले. लगेच. त्रास नाही झाला." आणि मग विचारलं नसताना म्हणाला, "दवाखान्यामागं पुरतात ते. जागा बरी आहे. झाडं आहेत."

ती भिंतीकडं तोंड करून रडली. त्यानं तिच्या सोललेल्या पाठीला लागणार नाही असा खांद्यावर हात ठेवला, आणि तिला तेव्हा वाटलं, असाच ठेवला असेल.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती आणि आतून काहीतरी वळवळत होतं. काळंभोर पिल्लू, पोट टम्म, कान अजून उभे न राहिलेले. "खाणीवरच्या राखणदाराच्या कुत्रीला झालीत. एक दिलं त्यानं."

"मला नको," बाई म्हणाली.

"चिमीसाठी आणलंय."

चिमीनं ते उचललं आणि घरभर नाचली. ते सारखं गुरगुरायचं, वहाणेवर, झाडूवर, स्वतःच्या शेपटीवर, म्हणून तिनं त्याचं नाव भुंगा ठेवलं. भुंग्यानं पहिल्याच दिवशी धुतलेल्या वाखात मुतलं. दुसऱ्या दिवशी सासूची जपून ठेवलेली चप्पल फाडली. सासू म्हणाली, "याला घराबाहेर काढा नाहीतर मला काढा." चिमी म्हणाली, "आजी, तू कुठं जाशील?" आणि बाईला हसू आलं. कवडी गेल्यानंतरचं पहिलं हसू. ते तिला आवडलं नाही.

पण पिल्लाला कुणाच्या दुखवट्याशी काय देणंघेणं? ती वाख विंचरायला बसली की ते भाऱ्यात शिरून झोपायचं, नाकपुडीवर एक तंतू श्वासासरशी वर खाली व्हायचा. ती बघत राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. म्हणाली, "हे बघ, तिची जागा ती तिची. तुला दुसरी देते. चालेल?" त्यानं तिच्या बोटाला आपले सुईसारखे दात लावले. तिनं कवडीची ताटली धुतली, थोडा वेळ हातात धरली आणि त्याच्यापुढं ठेवली. ताटली ठेवताना तिला वाटलं, आपण कवडीला आत्ता खऱ्या अर्थानं पोचवलं.

मनगट सुधारलं. नावाड्याचं काम अडलं होतं. पहिल्या खेपेला ती चाकापाशी उभी राहिली आणि तिचे पाय मागं जाईनात. भुंगा टाचेमागं थांबणारा नव्हता. तो पुढं येऊन सुतळीलाच लोंबकळायचा. त्याला खांबाला बांधावं लागलं.

"मी आहे ना," नवरा म्हणाला. "माझं तोंड तुझ्याकडंच आहे. मला सगळं दिसतंय. मी सांगतो."

आणि तो सांगायला लागला. "ये. ये. अजून पन्नास आहेत. ये, बिनधास्त ये. वीस. दहा. पाच. बस." ती थांबायची. वळून बघायची तर कुंड दोन हात लांब. असं दहा-बारा दिवस चाललं. हळूहळू तिनं वळून बघायचं सोडून दिलं. त्याचा आवाज तिच्या पाठीमागं जाऊन बसला. ती पुन्हा गुणगुणायलाही लागली. साठातल्या एकतीस खेपा झाल्या.

खाणीचा मुकादम ट्रॅक्टर घेऊन आला तो बत्तिसाव्या खेपेच्या आधी. नवरा लांबच्या माळावर घायपात कापायला गेला होता. बाई वाख विंचरत होती.

"कप्पीवरचा दोर मधेच उसवलाय," मुकादम दारातूनच म्हणाला. "दगड खाली लोंबतोय आणि पोरं वर बघत बसलीत. सांधून द्या चला."

"ते घरी नाहीत."

"त्यांचं काय काम? सांधा तुमच्या हातचा. त्यांनी मागं एकदा सांधला होता, आठवड्यात सुटला."

सासू लगबगीनं बाहेर आली. "उन्हाची कुठं जातेस? तो येईल, तो जाईल. हात अजून बरा नाही तुझा."

"तासाभराचं काम आहे, आई."

"अगं पण त्याला विचारल्याशिवाय..." सासू एवढं म्हणून गप्प बसली. बाईला नवल वाटलं. सांधायला जाताना कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"आई, भुंग्याच्या आईला बघून ये," शाळेला निघालेली चिमी ओरडली. "काळीच आहे का ते सांग."

खाण म्हणजे डोंगराच्या कुशीतला मोठा पांढरा खड्डा. धूळ पापण्यांवर बसत होती. दोर कप्पीवरून खाली घेतला होता. बाईनं उसवलेला भाग बघितला, कापला, दोन्ही टोकांचे तीन तीन पेड सोडवले आणि लाकडी खुंटीनं एकात एक विणायला बसली. वेळ लागला. शेवटी सांधा ताणून बघायचा असतो. तिनं एक टोक खांबाला अडकवायला लावलं, दुसरं कमरेला धरलं आणि सवयीनं मागं सरकायला लागली. नजर सांध्यावर. एक पाऊल, दुसरं, सहावं, सातवं.

टाचेला ऊबदार केस लागले.

ती थांबली. जशी बारा वर्षं थांबत होती तशी, विचार न करता. दोराचा ताण तसाच धरून ती उभी राहिली, आणि मग तिला आठवलं की असं काही लागायला आता कुणी नाही. दोर हातातून सुटला. मुकादम म्हणाला, "काय झालं, सुटला का सांधा?"

ती वळली. कवडी बसली होती. गळ्यात लोखंडी साखळी, साखळीचं दुसरं टोक राखणदाराच्या पत्र्याच्या खोलीच्या खुंट्याला. साखळी पूर्ण ताणली होती, त्यापुढं तिला येता येत नव्हतं. अंगावर पांढरी धूळ, जणू दळण सांडलंय. साखळीखालचे केस गेले होते आणि कातडं लाल झालं होतं. तिची शेपटी जमिनीवर आपटत होती, धुळीचे बारीक लोट उठत होते.

बाई खाली बसली. कवडीनं तिचे हात हुंगले, मनगट हुंगलं, सगळीकडं वाखाचा वास, आणि मग तोंड तिच्या काखेत खुपसून स्वस्थ झाली.

"ओळखते की तुम्हाला," राखणदार खोलीतून बाहेर येत म्हणाला. वयस्क माणूस, एका डोळ्यात फूल पडलेलं.

मुकादम हसला. "हा आमचा राखणदार अर्धा आंधळा, ही ठार बहिरी. चोर आला तर दोघं मिळून त्याला चहा पाजतील."

"भुंकते पण," राखणदार म्हणाला. "सुरुंग उडाला की जमीन हादरते ना, त्यावर भुंकते. दिवसभर भुंकते." मग बाईकडं बघून त्यानं हात जोडल्यासारखे केले. "हे बघा, मी काही मागून घेतली नाही. तुमचे मालक म्हणाले, बाईला ही डोळ्यासमोर नको. हिच्यापायी पडली म्हणते, तोंड बघायचं नाही म्हणते. मी म्हटलं, ठीक आहे, राहील इथं. माझी कुत्री पिल्लांपायी खोलीबाहेर पडेना, म्हणून ठेवली हिला; त्यातलं एक पिल्लू मागाहून दिलं."

बाई साखळीची कडी उघडायला लागली. गंजलेली होती, बोटांना उघडेना. राखणदारानं वाकून उघडली.

"दोरी होती हिच्या गळ्यात," ती म्हणाली. पहिलंच वाक्य.

"ती चावून तोडली पहिल्याच दिवशी. निघाली होती चालत. म्हणून तर साखळी."

तिनं मुकादमाला सांगितलं, "सांध्याची मजुरी नको. हिला नेते." मुकादमानं राखणदाराकडं बघितलं, राखणदारानं मान हलवली. "न्या, बाई. पिल्लूही राहू द्या. मला ते परत नको."

ट्रॅक्टर दगड घेऊन दुसरीकडं जाणार होता. ती चालत निघाली. कवडी पन्नास पावलं चालायची आणि बसायची. मग बाई तिला खांद्यावर घ्यायची, कोकरू घेतात तसं, चार पाय छातीपाशी धरून. पाठीची नवी कातडी घामानं चुरचुरत होती. वाटेत एक सायकलवाला थांबून म्हणाला, "बाई, मेली आहे का ती?" ती म्हणाली, "मेली होती." तो घाईघाईनं निघून गेला.

ऊन उतरताना ती अंगणात आली. नवरा घायपाताच्या पानांचा भारा सोडत होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, खांद्यावर बघितलं आणि विळा खाली ठेवला. सासू दारात होती. ती आत गेली.

बाईनं कवडीला खाली ठेवलं. कवडी चार पायांवर डगमगली, नाक वर करून हुंगलं आणि सरळ त्याच्याकडं गेली. त्याच्या पायाशी जाऊन तिनं डोकं त्याच्या पावलावर टेकलं आणि शेपटी हलवली. हळू, दोन-तीनदा. तो मग मटकन खाली बसला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हां," बाई म्हणाली. "तिथंच ठेवला होतात ना?"

त्याला वर बघवेना. "दवाखान्याला कुलूप होतं," तो म्हणाला. "खरं सांगतो. तासभर बसलो पायरीवर. डॉक्टर आलाच नाही. परत यायला निघालो तर वाटेत राखणदार भेटला. म्हणाला, मला भुंकणारं काहीतरी हवंय. मला वाटलं... परत आणली असती तर तू पुन्हा हो म्हणाली नसतीस. पुन्हा ती टाचेमागं आणि पुन्हा तू कुंडात."

"माझं नाव घेतलंत."

"माझं घेतलं असतं तर तो म्हणाला असता, आधी बायकोला विचारून या."

"म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, विचारायला हवं." ती ओट्यावर बसली. "भांडला असतात तर मी भांडले असते. घेऊन गेला असतात तर आडवी पडले असते. तुम्ही मरण म्हणालात म्हणून मी गप्प बसले. मी तिला आंघोळ घातली हो. काय काय बोलले तिच्याशी. आणि ती तिकडं साखळीला."

आतून सासूचा आवाज आला, "मी त्याला म्हटलं होतं, सांग म्हणून."

"कधी म्हटलं होतंत, आई?"

आत भांडी हलवल्याचा आवाज झाला.

चिमी शाळेतून आली ती दप्तर अंगणातच टाकून कवडीच्या गळ्यात पडली. "मेली नव्हती? बाबा, डॉक्टरनं बरी केली?" दोरवाल्यानं बायकोकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती. बाई म्हणाली, "नाही गं. बाबांनी तिला खाणीवर देऊन टाकली होती. आपल्याला खोटं सांगितलं." चिमी बापाकडं बघत राहिली. तिला पुढं काही विचारायचं होतं, पण भुंगा खांबाची दोरी सोडवून आला आणि त्यानं कवडीच्या कानालाच दात लावले. कवडीनं ओठ वर करून एकदा गुर्र केलं. भुंगा पाठीवर पडला, चारी पाय वर. मग दोघं एकाच ताटलीशी गेली. कवडीनं आधी खाल्लं.

कवडी पुढं सहा आठवडे जगली. वाखाच्या गादीवर, सावलीत. टाचेमागं यायचं तिनं सोडलं. चाक करकरलं की नुसती मान उचलायची आणि पुन्हा ठेवायची. गेली ती एका सकाळी, बाई शेजारी बसली असताना. सुई लागली नाही. बाईनं कुंडाच्या वरच्या अंगाला स्वतः खड्डा खणला. नवरा कुदळ घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या." तो कुदळ घेऊन उभा राहिला. मग गेला.

पण हे नंतरचं. ती कवडीला घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं.

आभाळ आलं होतं. वरच्या डोंगरावर पाऊस लागल्याचं नावाड्यानं कळवलं होतं. एकोणतीस खेपा बाकी होत्या. नवरा चाकावर बसला. बाईनं कमरेला वाख गुंडाळला, बट आकड्यात अडकवली. घरात दोघांचं बोलणं नव्हतं, पण दोर अबोल्यानं वळला जात नाही.

चाक करकरायला लागलं. ती मागं सरकायला लागली.

"ये," तो म्हणाला. "ये. अजून ऐंशी आहेत."

ती थांबली. मान वळवून मागं बघितलं. वाट मोकळी होती. ती पुन्हा चालायला लागली.

"पन्नास. ये."

ती थांबली. वळून बघितलं. पन्नासच असतील.

सुतळीचा ताण गेला की पीळ सैल पडतो. तिथं एक फुगीर, पोकळ जागा राहते, कितीही ओढली तरी बसत नाही. त्याला ते दिसत होतं. बारा वर्षांत तिच्या हातच्या सुतळीत अशी जागा कधी राहिली नव्हती.

"वीस," तो म्हणाला. "वीस आहेत. खरंच आहेत."

ती थांबली, वळली आणि स्वतः मोजायला लागली.